नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

प्रश्न नागपुरातल्या एका निवृत्त दांपत्याचा आहे. त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. डिसेंबरच्या शेवटी तिच्याकडे जायचे आणि मार्चच्या शेवटी परत यायचे, असा त्यांचा बेत आहे. दोन्ही शहरांमधले अंतर शोधू गेल्यावर त्यांना एके ठिकाणी १३,१००, दुसरीकडे ८,१५० आणि तिसरीकडे १५,८०० असे आकडे मिळाले, आणि प्रवासाचा वेळ तर पंधरा तासांपासून तीस तासांपर्यंत काहीही दिसला. यांतले खरे काय मानायचे, जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक का पडतो, आणि दिल्ली, मुंबई, बंगळुरू की कतारमधले दोहा, कोणत्या वाटेने जावे, असे त्यांनी विचारले आहे. विमानांच्या उड्डाणांचे नियोजन करणे, म्हणजे विमान कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाईल हे उड्डाणाआधी ठरवणे, हे डिस्पॅचरचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

आधी थेट आकडे सांगतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचे सर्वांत कमी अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर आहे. लांब पल्ल्याच्या विमानाने ते कोठेही न थांबता आणि वाऱ्याच्या मदतीविना किंवा विरोधाविना कापले, तर साडेचौदा ते पंधरा तास लागतील. मात्र नागपूरहून तिकडे थेट विमान नाही, त्यामुळे हा पंधरा तासांचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही. मध्ये एकदा विमान बदलून विमानतळापासून विमानतळापर्यंत २२ ते २६ तास लागतात, असे धरून चालावे. घराच्या उंबरठ्यापासून मुलीच्या घरापर्यंत म्हटले तर तीस तासांची तयारी ठेवावी. आपल्याला दिसलेला तीस तासांचा आकडा त्यामुळे अगदीच चुकीचा नाही.

आता अंतराच्या आकड्यांचा घोळ. १३,१०० आणि ८,१५० हे दोन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. पहिला किलोमीटरमध्ये आहे आणि दुसरा मैलांमध्ये. हेच अंतर वैमानिक सागरी मैलांत सांगेल आणि तेव्हा ते सुमारे ७,०८० होईल, कारण सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि साधा मैल साधारण १,६०९ मीटरचा. १३,०८० किंवा १३,१५० असे थोडे इकडचे तिकडचे आकडेही दिसतील, त्यांनी गोंधळून जाऊ नये. पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांपाशी सुमारे ६,३५७. कोणी हिशेब गोल पृथ्वी धरून करतो, कोणी चपटेपणा धरून करतो, कोणी विमानतळापासून मोजतो, तर कोणी शहराच्या मध्यापासून. विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर खूप वाढत असेल, असाही समज असतो. एवढ्या मोठ्या प्रवासात त्या उंचीने पडणारी भर वीस-पंचवीस किलोमीटरची असते. हे सगळे फरक सोडून द्यावेत असेच आहेत.

१५,८०० चा आकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो दोह्यावरून जाण्याचा आहे, आणि तो समजून घ्यायचा असेल तर भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवून घरातला शाळकरी पृथ्वीगोल हाती घ्यावा. सपाट नकाशावर नागपूरहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे रेघ ओढली तर ती जपानच्या अंगाने पॅसिफिक महासागरातून जाते किंवा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. पृथ्वीगोलावर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक नागपूरवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो घट्ट ताणावा. दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. तो नागपूरहून पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो जवळजवळ उत्तरेकडे, किंचित पूर्वेला झुकून निघतो. उत्तर प्रदेश आणि नेपाळ ओलांडून तो तिबेटमध्ये शिरतो, मंगोलियाच्या पश्चिम टोकाजवळून सैबेरियात जातो, सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापाशी ७२ अंश उत्तर अक्षांशाला टेकतो आणि तिथून उतरणीला लागून अलास्कावरून कॅनडाच्या किनाऱ्याकडेने सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. उन्हाळ्यात ज्या गावात अंगाची लाही होते, त्या गावाहून कॅलिफोर्नियाची जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते, हे प्रथम ऐकताना खरे वाटत नाही. पण दोरा ताणून पाहिल्यावर शंका उरत नाही.

एकदा ही वाट डोळ्यांसमोर आली की कोणते शहर वाटेत आहे आणि कोणते वाटेबाहेर, हे लगेच कळते. नागपूर ते दिल्ली सुमारे ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर. दोन्हींची बेरीज थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरने जास्त भरते. दिल्ली जवळजवळ वाटेतच आहे. मुंबई जवळ असूनही वाटेत नाही. नागपूर ते मुंबई ६८० किलोमीटरच आहे, पण मुंबईहून पुढचे अंतर १३,५०० किलोमीटर आहे, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटरचा वळसा पडतो. बंगळुरूवरून गेल्यास आपण आधी सुमारे ८९० किलोमीटर दक्षिणेला जातो आणि मग १४,००० किलोमीटरचा पुढचा टप्पा धरतो. तिथे वळसा १,८०० किलोमीटरच्या घरात जातो. दोहा नागपूरहून २,८४० किलोमीटर पश्चिमेला आहे आणि दोह्याहून सॅन फ्रान्सिस्को जवळपास १३,००० किलोमीटर, म्हणजे साधारण नागपूरहून आहे तेवढेच. दोह्याला जाण्याने आपण मुक्कामाच्या जवळ मुळीच सरकत नाही. तरीसुद्धा दोह्याची वाट बाद करू नये, असेच मी सांगेन, आणि त्याचे कारण पुढे येते.

हे झाले मोजपट्टीचे अंतर. विमान मात्र त्या दोऱ्यावरून उडत नाही. पहिली अडचण जमिनीची आहे. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट आहे. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. खाली डोंगरच पंधरा हजार फुटांवर असतील तर उतरायचे कोठे? म्हणून त्या भागातून जायचे असेल तर प्रत्येक टप्प्यावर कोणत्या दिशेने बाहेर पडता येईल, हे आधी आखून ठेवावे लागते आणि विमानात प्राणवायूचा जादा साठा लागतो. बहुतेक कंपन्या पठार टाळून बाजूने जाणे पसंत करतात.

दुसरी अडचण सीमांची आहे आणि गेल्या काही वर्षांत ती वाऱ्यापेक्षाही मोठी झाली आहे. दिल्लीहून तिबेट टाळायचे म्हटले तर दोन दारे उरतात. एक पश्चिमेचे, म्हणजे पाकिस्तान, मध्य आशिया आणि रशिया. दुसरे पूर्वेचे, म्हणजे बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि पॅसिफिक महासागर. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपले आकाश बंद केले आणि ते जुलैमध्ये पूर्ववत उघडले. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने भारतीय विमानांना आपल्या आकाशात बंदी घातली, आणि त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या काही भारतीय उड्डाणांना इंधन भरण्यासाठी युरोपात थांबे घ्यावे लागले. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे. भारतीय आणि आखाती कंपन्यांना ते बंद झाले नाही. परिणाम असा की एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमाने वेगळ्या वाटांनी जातात आणि त्यांच्या वेळेत तासा-दोन तासांचा फरक पडतो. संगणकाने काढलेला ‘नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को इतके तास’ हा आकडा यांपैकी काहीही जाणत नाही. तो अंतराला एका ठरलेल्या वेगाने भागतो आणि उत्तर देतो.

आता वेळेकडे वळतो, कारण माझ्या मते प्रवाशाने लक्ष द्यायचे ते इथे. लांब पल्ल्याची विमाने हवेच्या मानाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतात. हा वेग जुन्या आणि नव्या विमानांत फारसा वेगळा नाही. १९७० मध्ये सेवेत आलेले जम्बो जेट आणि आजचे सर्वांत नवे विमान यांत इंधनाची बचत, आवाज आणि आराम यांचा मोठा फरक आहे, पण वेगाचा नाही. ‘नवे विमान आहे, लवकर पोहोचवेल’ असे कोणी सांगितले तर त्यावर तिकीट ठरवू नये.

वेळ ठरवतो तो वारा. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, साधारण तीस ते चाळीस हजार फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते जोर धरतात आणि दक्षिणेकडे सरकतात. तेव्हा त्यांच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेग सहज आढळतो, आणि जपानच्या आसपास तर तीनशेचाही. विमान हवेत नऊशेच्या वेगाने जात असते, पण ती हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या मानाने वेग अकराशे होतो आणि समोरून येत असेल तर सातशे. पूर्वेकडे जाणारी उड्डाणे लवकर पोहोचतात आणि पश्चिमेकडे जाणारी उशिरा, याचे कारण एवढेच आहे. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, हा समज फार पसरलेला आहे. तो सोडून द्यावा. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि त्यातले विमानही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नेमके आपल्याच मार्गावरचे आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जातानाची वाट बदलून पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेली. नवी वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची होती, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरने लांब. तरी विमान साडेचौदा तासांत पोहोचले, आणि आधीच्या वाटेपेक्षा जवळपास दोन तास वाचले. परतीचे विमान अटलांटिकवरून येई, म्हणजे येतानाही वारा पाठीशीच असे. एका फेरीत विमान पृथ्वीप्रदक्षिणाच पूर्ण करी. मोजपट्टीने हा निर्णय पाहिला तर तो उलटा वाटतो, पण घड्याळाने आणि इंधनाच्या काट्याने पाहिला तर तो अगदी सरळ आहे.

हा निर्णय टेबलावर कसा होतो ते सांगतो. जगभरच्या वरच्या हवेतल्या वाऱ्यांचे अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या केंद्रांकडून दिवसातून चार वेळा येतात. त्यांचे गणित जागतिक वेळेच्या ०, ६, १२ आणि १८ वाजताच्या निरीक्षणांवर चालते. उड्डाणाच्या काही तास आधी डिस्पॅचर त्यांतला ताजा अंदाज घेऊन तीन-चार वाटा संगणकावर चालवून पाहतो. समजा पहिली वाट १२,९०० किलोमीटरची आहे आणि तिच्यावर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा समोरचा वारा आहे. विमान जमिनीच्या मानाने ८४० च्या वेगाने जाईल आणि सुमारे १५ तास २० मिनिटे घेईल. दुसरी वाट १३,९०० किलोमीटरची आहे, पण वारा पाठीमागून ८० चा आहे. वेग ९८० होईल आणि वेळ सुमारे १४ तास १० मिनिटे. दुसरी वाट हजार किलोमीटरने लांब असून सत्तर मिनिटांनी जवळ आहे. बोइंग ७७७ सारखे मोठे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळते, म्हणजे त्या सत्तर मिनिटांत आठ-नऊ टनांची बचत होते. याशिवाय एक गोष्ट सामान्य प्रवाशाच्या लक्षात येत नाही. लांबच्या उड्डाणात जादा घेतलेले इंधन वाहून नेण्यासाठीच त्यातला मोठा हिस्सा, एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, जळून जातो. म्हणून ‘असू द्यावे चार टन जास्त’ असे म्हणून चालत नाही. प्रत्येक टनाचा हिशेब द्यावा लागतो. शेवटी त्या दिवशीच्या नोटॅम, म्हणजे बंद असलेले आकाश, बंद धावपट्ट्या, लष्करी सराव यांच्या अधिकृत सूचना पाहून वाट पक्की होते. आज गेलेली वाट उद्या तीच असेल याची शाश्वती नसते.

याच संदर्भात वाऱ्याचा एक बारकावा सांगण्याजोगा आहे. जाताना मदत करणारा वारा येताना तेवढाच अडवेल आणि एकूण फेरी सारखीच होईल, असे वाटते. तसे होत नाही. १३,००० किलोमीटर नऊशेच्या वेगाने कापायला दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २८ तास ५५ मिनिटे लागतात. शंभराचा वारा असेल तर जाताना हजाराच्या वेगाने १३ तास आणि येताना आठशेच्या वेगाने सव्वासोळा तास, मिळून सव्वाएकोणतीस तास होतात. अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा नफ्यापेक्षा नेहमी मोठा असतो. म्हणूनच नियोजन करणारा त्याच वाटेने परत येण्याचा हट्ट धरत नाही.

वेळापत्रकात छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो, हेही लक्षात ठेवावे. विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी फाटकाशी उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरण्याआधी घिरट्या घालणे हे सारे धरलेले असते. नागपूर ते मुंबई हे ६८० किलोमीटर नऊशेच्या वेगाने पाऊण तासाचे आहे, पण वेळापत्रकात दीड तास किंवा त्याहून थोडा अधिक दिसतो, आणि तोच खरा आहे. छोट्या प्रवासात हा वरचा वेळ हवेतल्या वेळाएवढीच भर घालतो, मोठ्या प्रवासात तो फारसा जाणवत नाही.

नागपूरकरांना मध्यावर असण्याचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. झिरो माइलच्या या गावाहून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चारही शहरे सुमारे ६८० ते ९९० किलोमीटरच्या आत आहेत. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा चारही महानगरांतून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशांतर्गत प्रवासात मध्यावर असण्याचा लाभ इतका स्पष्ट आहे. परदेशच्या प्रवासात मात्र विमाने प्रवाशांच्या संख्येवर चालतात, भूगोलावर नाही. नागपूरहून दोहा आणि शारजा अशा आखाती शहरांना थेट सेवा चालत आली आहे. पंधरा तासांच्या उड्डाणाला मात्र रोज दोन-तीनशे प्रवासी एकाच शहराचे लागतात. दुसरे कारण हवेचे आहे. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत, समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंचीवर, हवा विरळ असते. तिथे सोनेगावच्या ३,२०० मीटरच्या धावपट्टीवरून शंभर टनांहून जास्त इंधन भरलेले विमान उचलायचे तर प्रवासी किंवा सामान कमी करावे लागेल.

आता आपल्या प्रवासाचे ठरवू. दिल्लीवरून गेल्यास नागपूर ते दिल्ली पावणेदोन तास, दिल्लीत चार ते सहा तासांचा थांबा आणि पुढे पंधरा ते साडेसोळा तास, असा बावीस-चोवीस तासांचा हिशेब बसतो. दोह्यावरून गेल्यास आधी चार-साडेचार तास, मग दोह्यातला थांबा आणि पुढे साडेपंधरा-सोळा तास. थांबा तीन तासांचा मिळाला तर एकूण तेवीस तासांत प्रवास होतो. म्हणजे दोह्याची वाट अडीच हजारांहून जास्त किलोमीटरने लांब असूनही वेळेत दिल्लीच्या बरोबरीने येते. थांब्याचे दोन तास इकडे-तिकडे झाले की दीड-दोन हजार किलोमीटरचा फरक पुसून जातो. त्यामुळे आपण किलोमीटर पाहू नये. तिकिटावर ‘एकूण प्रवासकाळ’ म्हणून लिहिलेला आकडा पाहावा आणि त्यात थांबा किती आहे ते पाहावे.

ज्येष्ठ प्रवाशांना मी दोह्याच्या वाटेची एक सोय आवर्जून सांगतो. पारपत्राची तपासणी नागपूरलाच, शांत विमानतळावर होते, आणि पुढे विमान बदलताना सगळे एकाच इमारतीत राहते. दिल्लीला देशांतर्गत विमान एका टर्मिनलवर उतरून परदेशचे विमान दुसऱ्या, काही किलोमीटर दूरच्या टर्मिनलवरून सुटत असेल, तर मधला वेळ बसची वाट पाहण्यात आणि रांगांत जातो. तिकीट काढतानाच दोन्ही विमानांची टर्मिनले पाहून घ्यावीत. दिल्लीची सोय अशी की लांबचा टप्पा दिल्लीतूनच सुरू होतो आणि काही बिनसले तर आपण स्वदेशात असतो. आखाताच्या वाटेला आपली जोखीमही आहे. २३ जून २०२५ रोजी कतारने आपले आकाश काही तासांसाठी बंद केले, तेव्हा अनेक विमानांना वाट बदलावी लागली.

आपण डिसेंबरअखेर निघत आहात, म्हणून दिल्लीची वाट निवडल्यास धुक्याचा विचार केलाच पाहिजे. डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीला पहाटे तीनपासून सकाळी दहापर्यंत दाट धुके पडते. त्या वेळी नागपूरहून सकाळी निघून दुपारचे परदेशचे विमान गाठायचे, हा हिशेब कागदावर जुळतो, पण प्रत्यक्षात तो फार ताणलेला असतो. अशा दिवसांत आदल्या संध्याकाळचे विमान धरून रात्रीचे किंवा पहाटेचे परदेशचे विमान गाठावे. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, हे मी सर्वांत ठामपणे सांगतो. एकाच तिकिटावर असाल तर पहिले विमान रखडल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि सामानही नागपूरला दिलेले थेट सॅन फ्रान्सिस्कोला मिळते. दोन स्वतंत्र तिकिटे दोन-चार हजारांनी स्वस्त पडतात, पण पहिले विमान चुकल्यावर दुसऱ्या कंपनीशी आपले काही नाते उरत नाही. न्यूयॉर्क किंवा शिकागोत विमान बदलण्याचे स्वस्त तिकीट दिसले, तर अमेरिकेत प्रथम जिथे उतराल तिथेच पारपत्र तपासणी आणि सामान घेऊन पुन्हा देणे हे सोपस्कार करावे लागतात, त्यासाठी तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये.

घड्याळाचा हिशेब असा. डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोची वेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तासांनी मागे असते. विमान दिल्लीहून पहाटे चार वाजता सुटले आणि साडेपंधरा तास उडाले, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि तिथे त्याच तारखेचे सकाळचे सहा. तिकिटावर ‘चारला सुटते, सहाला पोहोचते’ असे दिसते, म्हणून प्रवास दोन तासांचा समजणारे लोक मी पाहिले आहेत. परत येताना उलटे होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तिथली घड्याळे तासभर पुढे जातात, म्हणून मार्चअखेर फरक साडेबारा तासांचा असेल. तिथून सकाळी दहाला निघालात तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असतील. साडेसोळा तासांनी दिल्लीत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे तीन वाजतील. दिल्लीत सामान घेऊन सीमाशुल्क ओलांडून ते पुन्हा देशांतर्गत विमानात द्यावे लागते, त्यामुळे नागपूरचे विमान संध्याकाळी सातनंतरचे घ्यावे.

एवढी काळजी घेऊनही वेळ बिघडू शकतो, हे गृहीत धरून निघावे. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान एका इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरवावे लागले आणि दुसरे विमान पाठवून प्रवाशांना पुढे नेण्यात आले. सोळा तासांचा प्रवास काही दिवसांचा झाला. दोन इंजिनांची विमाने नेहमी अशा वाटेने नेली जातात की एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक वेळेत एखादा विमानतळ गाठता येईल. मगादानला उतरता आले ते त्या आखणीमुळेच. त्यामुळे रोजची औषधे किमान चार दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. चाकाची खुर्ची हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागावी, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. सोळा तासांत दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, पाणी पीत राहावे, आणि जागा निवडताना खिडकीचा मोह सोडून वाटेकडेची जागा घ्यावी.

तिकिटाचे दोन-तीन पर्याय समोर आले की त्यांतले एकूण प्रवासकाळ, थांब्याचे तास, टर्मिनले आणि एकच तिकीट आहे की दोन, एवढे चार तपशील मला कळवावेत. त्यावरून आपल्या तारखांना कोणता पर्याय बरा, ते मी नक्की सांगू शकेन.